डोकं धरणारी

…आणि हलू नकोस. हललीस तर सुया डोळ्यात जातील, मग म्हणत फिरशील म्हातारीनं आंधळं केलं. मान इकडं टेक, माझ्या छातीला. अशी. बोसेदे ना तुझं नाव? बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण तुझंच नाव असणार, आणि खाली तुकतुकीत गालांची बाई काढलीय — तिला एवढं हसायला काय झालंय, हे मी मागच्या वेळीच विचारणार होते. आरशाचं मनाला लावून घेऊ नकोस. आरसा फोडायला मी सांगितलं नव्हतं. रिस्कात घरून मुसळ घेऊनच निघाली, आत शिरली आणि पहिला घाव आरशावर. दुसरा तुझ्या गुडघ्यावर पडायचा, तो मी अडवला, तेवढं लक्षात ठेव. ही माझी थोरली सून, तुझे पाय धरून बसलीय ती — आवेरोची आई. आणि दारात आडवी बसलीय ती धाकटी, सिदिकात. शटर तिनंच ओढलं. दोघी आमच्या खानावळीत पहाटेपासून यामचे कंद कुटतात, दंड बघ त्यांचे, तेव्हा पाय सोडवायची खटपट करू नकोस. आणि ओरडूही नकोस. शेजारच्या गिरणीवाल्याचा जनरेटर धडधडतोय ना, लाइट येईपर्यंत तो असाच बोंबलणार. मी तुझ्या कानाशी बोलतेय म्हणून तुला ऐकू येतंय. पायाशी बसलेल्या रिस्कातला सुद्धा ऐकायचं म्हटलं तर मला घसा फोडावा लागेल.

हेच ना ते? एवढुसा दांडा, पुढं फिरतं चाक, आणि चाकाला सुयाच सुया. आम्ही लहानपणी टिनाच्या झाकणांच्या गाड्या करायचो, त्या याहून मोठ्या होत्या. तू काय म्हणाली होतीस — 'आजी, याच्यानं कातड्याला बारीक बारीक जखमा होतात, मग कातडं स्वतःच स्वतःला भरून काढतं, खड्डे बुजतात.' गोड बोलतेस तू. माझा नवरा पण लोकांच्या अंगणात उभा राहून असंच गोड बोलायचा. चेहरे कापायचं काम त्याचं, बापाचं, आज्याचं. लेकरू कुठल्या घरचं ते गालावर दिसलं पाहिजे, म्हणून लोक बोलवायचे. तो म्हणायचा, कातडं हट्टी असतं, दुखवल्याशिवाय ऐकत नाही. हे माझे गाल बघ — नाही, मान वळवू नकोस, नुसते डोळे वर कर. या सगळ्या रेघा त्याच्या बापानं काढल्या. मी तेव्हा चांगली चालती-बोलती पोर होते, कळत होतं मला. आईनं डोकं धरलं होतं. मी काही डूख धरला नाही. आई ती आई. तिच्या मांडीवर मी परत कधी बसले नाही, पण ते काही त्यामुळं नाही, मोठी झाले होते म्हणून.

तर आवेरो. माझी नात. तुला माहितीच आहे, तुझ्यापुढं बसली होती, पण तू तिला हसताना पाहिलं नाहीस. बारकी होती तेव्हा गाल कसे, तेलात तळलेल्या बीनच्या वड्यासारखे. मग पुटकुळ्या आल्या, आल्या त्या जाईनात, आणि गेल्या तेव्हा खड्डे ठेवून गेल्या. खानावळीत वाढायला यायची. एके दिवशी एक ट्रकवाला — त्याला सगळे अंपूल्या म्हणतात — ताटावरून मान वर करून म्हणतो, 'मावशे, तुझ्या यामला कीड लागलीय का, की ही पोरगीच किडलीय?' सगळे हसले. उकळत्या एवेडूच्या पातळ भाजीचा डाव होता माझ्या हातात. तो डाव मी त्याच्या मांडीवर उपडा केला. अजून लंगडतो. अजून येतो पण जेवायला, दुसरीकडं असा याम मिळत नाही त्याला — पण आवेरो नाही आली परत. मागं भांड्यांपाशी बसायची, तोंडाला फडकं बांधून. कॉलेजातली पोरं तिला चाळण म्हणायची. त्यांच्यातल्या एकाला रिस्कातनं नाल्यात लोटलं. म्हणजे आम्ही काय गप्प बसणारी माणसं नाही, हे आता तुला कळलं असेल. पण सगळ्या गावाला किती वेळा भाजायचं? तेव्हा पोरीनंच तुझं दुकान शोधलं. म्हणाली, आजी, सुयांनी खड्डे जातात, तू चल माझ्याबरोबर, मला भीती वाटते. मी म्हटलं, भीती कसली, मी आहे ना.

मी आहे ना, म्हटलं. आणि होतेच की मी.

हे काय, घाम का फुटला तुला? अजून तर काहीच केलं नाही. थांब, एकदा फिरवते. कपाळावर. नुसतं एकदा — हं. लागलं? थेंब आले बघ, लाल मोहरीसारखे, एका रांगेत. तू त्या दिवशी म्हणालीस, मुंग्या चावल्यासारखं वाटेल. कुठल्या मुंग्या ग चावल्यात तुला? दांडा असा हातात धरायची सवय नाही मला. मी कधी कापलं नाही कुणाला. लोकांना वाटतं, कापणाऱ्याची बायको, हिनंही शंभर गाल चिरले असतील. मी एकही रेघ काढली नाही. माझं काम डोकं धरायचं. पाय कुणीही धरतं, मावशी धरते, शेजारीण धरते, पण डोकं — डोकं हललं की रेघ वाकडी, आणि वाकडी रेघ जन्मभराची. म्हणून डोकं मी धरायची. हे असं — अंगठा कानामागं, तळवा जबड्याखाली, कोपरानं मान दाबायची, आणि पोराच्या डोळ्यांत बघायचं नाही. हे मुख्य. डोळ्यांत बघितलं की हात सैल पडतात. पोरं चावायची, ही बघ मनगटाजवळची खूण, एका न्हाव्याच्या पोराचे दात आहेत. पण मी सोडलं नाही. माझ्या हातातून कधी डोकं सुटलं नाही. नवरा गावभर सांगायचा — हिच्या हातात डोकं म्हणजे उखळात बसवलेलं.

रिस्कात, नीट धर ग. गुडघ्यांवर बस तिच्या. ऐकू नाही गेलं तिला. बघ, मान सुद्धा वर केली नाही. चार रात्री झोपली नाहीय ती. आवेरोच्या दाराशी बसते. पोरीचा चेहरा आधी सुजला, मग पू झाला — मी गोगलगाय फोडून तिचं थंड पाणी लावलं, कापलेल्या पोरांना आम्ही तेच लावायचो, त्यानं आणखी चिघळलं का कोण जाणे — आणि मग पू सुकला, तसे महिन्या-दोन महिन्यांत गालांवर वळ उठले. खड्डे राहिले बाजूला, गांडुळं पडून राहावीत तसे उंच, चकचकीत वळ, कानापासून हनुवटीपर्यंत. घरातले आरसे तिनं फोडले, रिस्कातच्या आधी. मग चमच्यात बघायला लागली म्हणून रिस्कातनं चमचे लपवले. परवा खिसणी घेऊन बसली होती गालाला लावून. मी दारात गेले तर — तर काय. काही नाही. खिसणी खाली ठेवली तिनं. आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी आत गेले की डोकं झाकते. पेज नेली, डोकं झाकते. रात्री पांघरूण घालायला गेले, झोपेत सुद्धा — असे दोन्ही हात, कानांवर. रिस्कातनं विचारलं, 'आई, ही तुम्हाला बघून डोकं का झाकते?' मी म्हटलं, दुखत असेल.

रिस्कातला मी काय सांगितलंय ते तुला ठाऊक नाही. आता सांगते. मी सांगितलंय की त्या दुकानवाल्या बाईच्या अंगात आलं. म्हणजे तुझ्या. पोर ओरडत होती, मी ओरडत होते, सोड म्हणून, थांब म्हणून, आणि ही बाई दाबतेच आहे, दाबतेच आहे. त्यावर रिस्कातनं मुसळ उचललं. ते मुसळ तिनं याच्या आधी एकदाच असं उचललं होतं, तिच्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्या मुलावर, आणि तो त्यानंतर लागोसला गेला तो गेलाच. तेव्हा तू काय बोलतेस ते विचार करून बोल.

काय? ओठ हलवू नकोस, चाक ओठावर येईल. मला माहितीय तू काय म्हणतेयस. तू थांबली होतीस. हो. थांबलीस, खरंय. एकदा सगळ्या तोंडावरून हलक्या हातानं फिरवलंस आणि म्हणालीस, 'आजी, आजच्यापुरतं बस. महिन्यानं परत आणा. आणि तुमच्या घरात जखमा फुगून वर येतात का?' — असं विचारलंस. विचारलंस ना? मी म्हटलं, आमच्या घरात काही फुगत नाही. रिस्कातच्या कानामागची गाठ मला माहिती होती, कान टोचले तेव्हाची, बोराएवढी. पण ती रिस्कातकडची. ती काय आमच्या घरची? आणि मला वाटलं, ही बाई गवतावरून चाक ढकलल्यासारखं करतेय, याच्यानं कुठं खड्डे भरतात. पोर एवढी लाजत, भीत इथवर आलीय, परत येईल की नाही. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आम्ही मधेच सोडलेलं पोर कुणी पाहिलंय? अर्धा गाल कापून कुणाला घरी पाठवलंय आम्ही?

म्हणून मी डोकं धरलं. हे असं, जसं आत्ता तुझं धरलंय. अंगठा कानामागं. मी म्हटलं, दाब. तू नाही म्हणालीस. मग मी या हातानं तिचं डोकं धरलं आणि या हातानं तुझा हात. तुझा हात किती मऊ आहे ग. मीच दाबला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ती म्हणत होती, 'आजी, डोकं सोड.' आजी, डोकं सोड, आजी, डोकं सोड — मी तिच्या डोळ्यांत बघितलंच नाही. बघायचं नसतं ना. तू बघितलंस वाटतं, रडत होतीस. तू बाई नुसती रडत राहिलीस आणि हात माझ्या हातात दिलास. हिसकून का नाही घेतलास? तू एवढी तरणीताठी, मी काठी टेकत आलेली. एक धक्का दिला असतास तर पडले असते मी तिथं, त्या खुर्चीपाशी. तेव्हा तुझ्याकडं काही जास्त नाही मागत मी. आता मी रिस्कातला खूण करते. ती वर बघेल. तू एवढंच म्हणायचं, मोठ्यानं — म्हातारी थांब म्हणत होती, मीच ऐकलं नाही. बस. पोरगी तोंड उघडत नाहीय, उघडेल तेव्हा बघू. रिस्कात तिला घेऊन माहेरी जाईन म्हणते, ओग्बोमोशोला. पोरगी गेली तर मग मी कुणाला पेज नेऊ? तू कबूल हो, मी हे चाक खाली ठेवते, आरसा भरून देते, रोज दुपारी तुला गरम याम पाठवते. मान हलवू नकोस. नाही म्हणून मान हलवू नकोस, बोसेदे, मी तुझा हात धरून दाबला हे तुला माहिती आणि मला माहिती, तिसऱ्या कुणाला —

बंद झाला. जनरेटर का बंद झाला?

लाइट आली वाटतं. हो. रस्त्यावर पोरं ओरडतायत बघ लाइट आली म्हणून. पंखा पण फिरायला लागला. केवढं शांत झालं.

रिस्कात, पाय का सोडलेस तिचे? धर. धर म्हणते ना. मी हिला घाबरवत होते ग, काहीबाही बोलत होते, माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतं. कधीपासून ऐकू येत होतं तुला? — जनरेटर आत्ता बंद झाला ना, आत्ताच. का आधीच? माझं मला कळलं नाही. ते मुसळ राहू दे. आरसा फुटलाय, आता काय फोडायचं राहिलंय. हं. ठेव. भिंतीला लावून ठेव. शहाणी माझी. बोसेदे, ऊठ तू, जा बाई, कपाळ पूस. सिदिकात, शटर उघड तिला, जाऊ दे. उघड की. दारातून उठलीस तर शटर तरी वर कर. इकडं कुठं येतेस? रिस्कात, ते चाक खाली पडलं ते पडू दे. ते कशाला उचललंस? दे इकडं, लागेल तुला. खुर्चीत बसायला काय झालं, बसते मी, पाय दुखतच होते. पण तू माझ्या मागं का उभी राहिलीस, सिदिकात? पुढं ये. मला दिसशील अशी उभी राहा.

अंगठा काढ कानामागचा.

सिदिकात. बाळ. डोकं सोड.