अंड्यांवरच्या फुल्या

धाकटी: खोडरबर असेल तर द्या, ताई. एवढंच मागायला आलेय.

थोरली: खोडरबर? माझ्या घरात? माझ्या पोरांनी शाळा सोडून जमाना झाला. आणि पाय पूस आधी. तुझ्या खोलीत मशीन आली म्हणून माझ्या फरशीवर चिखल चालतो असं नाही.

धाकटी: पुसले.

थोरली: काखेत काय आहे?

धाकटी: तुमची चादर. छतावर होती. घडी घालून आणलीय.

थोरली: वाळत टाकली होती. ठेव तिथं खाटेवर. खोडरबर कशाला हवंय? मशीनला आता लिहायला शिकवतेयस का?

धाकटी: अंड्यांवर फुल्या आहेत.

थोरली: कुठल्या अंड्यांवर?

धाकटी: माझ्या उबवणीच्या मशीनमधल्या. वरचे दोन ट्रे भरून. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. पेन्सिलीनं. सकाळी मी मशीनवाल्यांच्या ऑफिसात शिकायला गेले तेव्हा सगळी अंडी कोरी होती.

थोरली: मग मशीननंच काढल्या असतील. ऊब तीच देते, अंडी तीच फिरवते, फोनवर निरोप तीच धाडते. तिला फुली काढायला काय जड आहे?

धाकटी: पेन्सिल तुमच्या अंबाड्यात आहे.

थोरली: कायमच असते. आजच नाही खोचली.

धाकटी: तेच म्हणतेय मी. या वस्तीत अंड्यांवर फुली काढणारा एकच हात आहे.

थोरली: होता. होता म्हण. आता तुझा जमाना, कोऱ्या अंड्यांचा.

धाकटी: ताई, सरळ बोला ना. तळाशी गरम पाण्याच्या बाटल्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या. मशीनवर पोती टाकलेली होती. तुम्ही माझ्या खोलीत गेला होतात.

थोरली: कडी होती, कुलूप नव्हतं. चोरी केली नाही.

धाकटी: चोरी म्हणतंय कोण!

थोरली: तुझं तोंड म्हणतंय. खोडरबर मागायला आलीय म्हणे. आभार मानायला नाही, पुसायला आलीय.

धाकटी: उद्या ऑफिसातल्या मॅडम तपासायला येणार आहेत. त्यांनी फुल्या पाहिल्या की विचारतील, हात कुणी घातला? का घातला? मशीन बंद पडली होती हे कळलं तर पहिलीच बॅच नापास. नापास झाली की मशीन दुसऱ्या वस्तीत जाणार. तसं सहीवर घेतलंय माझ्याकडून. आणि नुसती माझी बात नाही. गल्लीतल्या बायकांनी खुराडी बांधून ठेवलीत. त्या पाववाल्याच्या बायकोनं तर नवरा मारेल म्हणून गुपचूप बांधलंय. शहरातून पिल्लं आणायची तर निम्मी वाटेतच मरतात. इथंच निघाली तर प्रत्येकीच्या दारात चार कोंबड्या असतील.

थोरली: भाषण छान शिकवलंय ऑफिसात.

धाकटी: भाषण नाही. खरं आहे ते.

थोरली: खरं आहे म्हणून तर ऐकवत नाही मला! आणि मी इतकी वर्षं काय करत होते? या पेटीत, भुशात, खाली कंदील ठेवून, दिवसातून तीनदा उठून एकेक अंडं हातानं फिरवत? तेव्हा नव्हत्या बायका? तेव्हा नव्हत्या कोंबड्या?

धाकटी: होत्या. पण तुमच्या पेटीतून निम्मी निघायची, ताई. राग मानू नका.

थोरली: मानणार. निम्म्याहून जास्त निघायची. थंडीत निम्मी.

धाकटी: मशीनमध्ये फार थोडी वाया जातात.

थोरली: माहीत आहे मला! ते माहीत नसतं तर मी एवढी जळले असते का? ती मशीन भंगार असती तर मी तुझ्याकडे येऊन हसले असते, चहा पाजला असता तुला. ती चांगली आहे गं. तेच तर पोटात दुखतं.

धाकटी: मग आत कशाला गेलात?

थोरली: ओरडत होती ती. टीं टीं टीं. भिंतीला कान लावायची गरज नाही, या भिंतीतून तुझी शिंकसुद्धा येते. तुला नाही आला निरोप फोनवर?

धाकटी: ऑफिसात रेंज नाही. सबंध सकाळ आम्हाला पडद्यावर दाखवत होते, फोनवर निरोप कसा येतो ते. बाहेर पडले तेव्हा एकदम सगळे आले. धावत सुटले मी. बसमध्ये रडले. आले तर अंडी कोमट. हात लावला, ट्रे बाहेर ओढला. मग फुल्या दिसल्या.

थोरली: फुल्या नाही काढणार तर काय करणार? ट्रे फिरत नव्हता. एकेक उचलायचं, फिरवायचं. कुठलं झालं, कुठलं राहिलं, कळणार कसं? फुली वर होती ती गोल वर केली, झालं.

धाकटी: ट्रेला बाजूला खटका आहे, ताई. वीज नसली की तो ओढायचा. सबंध ट्रे एकदम तिरका होतो.

थोरली: काय?

धाकटी: खटका. लाल. एका हातानं होतं.

थोरली: म्हणजे मी गुडघे मोडून, फरशीवर बसून, एकेक अंडं...

धाकटी: हो.

थोरली: हसतेयस?

धाकटी: नाही.

थोरली: हसतेयस तू. मला कुठून माहीत खटका? कधी दाखवलास? मी दारात आले की तू दार लोटतेस. ‘ऊब जाते, ताई.’ माझ्या पेटीची ऊब कधी गेली नाही, वीस बायका डोकावल्या तरी!

धाकटी: ऊब जात नाही. खोटं बोलायचे मी.

थोरली: ठाऊक आहे.

धाकटी: तुम्ही एकदा बघितलं असतं तर तुम्हाला माझ्याआधी सगळं समजलं असतं. मग मशीन माझ्या खोलीत आणि कारभार तुमचा. लग्न होऊन तुमची जाऊ झाले तेव्हापासून तेच चाललंय. भाजी मी करायची, चव तुम्ही बघायची. अजून बायका माझ्याकडचं अंडं हातात घेतात आणि विचारतात, ‘थोरलीनं बघितलंय का?’ माझ्या नाकाला मिरच्या झोंबत नसतील?

थोरली: झोंबू देत. माझ्या दारावरून जातात तुझ्याकडे. चपला काढतात त्यासुद्धा माझ्या उंबऱ्यासमोर, कारण तुझ्याकडे जागा नाही. रोज त्या चपला मोजत बसते मी.

धाकटी: मशीन आली त्या दिवशी तुम्ही बोलायचं बंद केलंत.

थोरली: मशीन आली त्या दिवशी नाही. त्याआधी. ती मॅडम पहिल्यांदा आली ना, वही घेऊन? तुला विचारलं तिनं, घरात आधी कुणी हे काम केलंय का? मी इथंच होते, मोरीत, भांडी घासत. तू काय सांगितलंस?

धाकटी: ताई...

थोरली: काय सांगितलंस?

धाकटी: नाही म्हणाले.

थोरली: ‘नाही, कुणीच नाही.’ असं. कुणीच नाही. माझ्या हातात राखेचं भांडं होतं, ते तसंच राहिलं.

धाकटी: अनुभव असलेल्या बाईलाच मशीन देतील असं वाटलं मला. मग ती तुमच्याकडे गेली असती.

थोरली: मग माझा फोटो का काढला तिनं? पेटीशी बसवून? मला वाटलं, चला, कुणीतरी बघितलं. केस सारखे केले मी. नंतर ऑफिसात भिंतीवर बघितलं. डावीकडे मी, कंदील, धूर, तोंड काळं. वर लिहिलंय ‘आधी’. उजवीकडे तू, मशीन, दात काढलेले. ‘नंतर’. तशीच भिंत, तशीच खिडकी, मधे एक रेघ. मला ‘आधी’ करून टाकलं गं यांनी. जिवंतपणी!

धाकटी: मला ते आवडलं नव्हतं.

थोरली: दात तरी झाकायचे होतेस.

धाकटी: ताई, ही चादर...

थोरली: चादरीचं काय?

धाकटी: काल आभाळ होतं. बॅटरी निम्मीच भरली होती. आज लख्ख ऊन. छतावरचं सोलर पॅनेल उघडं असतं तर मशीन बंद पडलीच नसती. ही चादर बरोबर पॅनेलवर होती. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून. काढली तशी मशीन पुन्हा सुरू झाली.

थोरली: ती जागा माझी होती. त्या कोपऱ्यात मी कपडे वाळवायचे. तुझी काच आली आणि माझी दोरी खाली आली.

धाकटी: हो. मग वाळायलाच टाकली असेल.

थोरली: घडी वाकडी घातलीयस.

धाकटी: वाळायला टाकली होती ना, ताई?

थोरली: कोरडी होती.

धाकटी: मी काढली तेव्हा कोरडी होतीच. दुपार झाली होती.

थोरली: टाकली तेव्हाच कोरडी होती. कपाटातून काढलेली. आता ऐक सगळं, अर्धवट नको. मशीन ओरडायला लागली तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी चहा ठेवला. साखर जास्त घातली. म्हटलं, बोंबल. ‘नंतर’वाली बोंबलतेय आणि ‘आधी’वाली चहा पितेय.

धाकटी: आणि मग?

थोरली: मग चहा गेला नाही. कप मोरीत ओतला. पिल्लं दिसायला लागली. आत हात-पाय फुटलेली असतात गं या दिवसांत. त्यांनी कुणाचं घोडं मारलंय? त्यांना काय माहीत तू कोण, मी कोण? चहानंतर चुलीवर पाणी तापत होतंच, भांड्यांचं. तेच बाटल्यांत भरलं आधी.

धाकटी: चादर काढायला का नाही गेलात वर?

थोरली: वर चढले असते तर अख्ख्या वस्तीनं बघितलं असतं, थोरली स्वतःची चादर काढतेय म्हणून. अंडी राखायची हिंमत होती. तेवढी नव्हती. जा, सांग आता. गल्लीत सांग, मॅडमला सांग, दोघा भावांना सांग घरी आल्यावर. भिंतीवरच्या फोटोखाली हेही लिहा.

धाकटी: जिवंत आहेत का हेच कळत नाहीये मला. एक आणलंय बरोबर. हे बघा, रुमालात.

थोरली: अंडं घेऊन हिंडतेयस? वेडी आहेस? दे इकडे. दार लाव. खिडकीवर ती चादर टाक, निदान एक तरी चांगलं काम करू दे तिला. मेणबत्ती कुठंय...

धाकटी: मेणबत्ती नको. फोनचा उजेड आहे.

(खोलीत अंधार. थोरलीच्या मुठीत अंडं, धाकटीच्या हातात फोनचा उजेड.)

थोरली: अगं बाई.

धाकटी: काय?

थोरली: नसा दिसतात. एकेक. माझ्या मेणबत्तीत नुसता काळा डाग दिसायचा. मी डागावरून सांगायचे. हे तुला रोज दिसतं?

धाकटी: रोज.

थोरली: बघ. पुन्हा जळलं.

धाकटी: हलतंय का पण?

थोरली: थांब. उजेड हलवू नकोस. घाईनं काही... थांब... तिथं. बघितलंस? लाथ मारली.

धाकटी: मारली!

थोरली: ओरडू नकोस कानात. जिवंत आहे एक. बाकीची तपासावी लागतील. दोन-चार गेली असतील माझ्या चहापायी, तेवढी माझ्या माथ्यावर.

धाकटी: चला मग तपासायला. माझ्या खोलीत. खटकाही दाखवते.

थोरली: आणि खोडरबर? शेजारच्या शिंप्याच्या पोरीकडे असेल. मीच पुसून देते सगळ्या. माझंच काम आहे ते.

धाकटी: पुसू नका.

थोरली: उद्या मॅडम आहेत ना?

धाकटी: असू देत. वीज जाते हे त्यांच्या वहीत लिहिलेलंच नाही. लिहू देत एकदा. शेजारी तुमची पेटी तयार ठेवायची. मशीन बंद पडली की अंडी तुमच्या भुशात. त्याला काय म्हणतात ते त्यांचं त्यांनी शोधावं.

थोरली: मशीन नेली तर?

धाकटी: नेली तर दोघी मिळून बोंबलू. तुमचा आवाज मोठा आहे.

थोरली: आणि फुल्या कुणी काढल्या विचारलं तर?

धाकटी: सांगेन. घरात एक आहे. माझ्या आधीपासून करते.

थोरली: कुणीच नाही म्हणाली होतीस.

धाकटी: खोटं बोलले होते, हेही सांगेन.

थोरली: आणि बंद का पडली, ते?

धाकटी: छतावर चादर वाळत होती.

थोरली: सांगितलं ना तुला, ती कोरडी...

धाकटी: ओली होती, ताई. मी हात लावून बघितलं होतं.