फुंकर कोणी घालायची

टिल्ल्या : थांब, थांब. सकाळच्या सामन्याचं रेकॉर्डिंग इथे थांबव. आता हळू पुढे घे. बघ, माझा चटका अर्धमेला झालाय, समोरचा पाणबैल तोंड उघडतोय. आणि तुझी फुंकर काय करतेय?

ताई : दिसतंय की.

टिल्ल्या : दिसतंय, पण पटत नाहीये. फुंकरनं पाणबैलावर हल्ला केला? आपल्या फुंकरनं? अगं पाखरू आहे ते! दुसऱ्यांच्या जखमा भरायच्या, एवढंच काम तिचं. मला सकाळी वाटलं, नेट अडकलं असेल, म्हणून तिची फुंकर पोचली नाही. मी सगळ्यांना तसंच सांगितलं.

ताई : नेट व्यवस्थित होतं. तिला चार डाव येतात. तीन बरं करायचे, एक मारायचा. वावटळ म्हणतात त्याला. दोन वर्षं नुसता पडून होता.

टिल्ल्या : मग पडून राहू द्यायचा होता ना! जिंकलेला सामना घालवलास. चटका मेला, त्याच्या मागे लोळ मेला, आणि मग काय, सगळी वरातच निघाली.

ताई : केसभर राहिला होता पाणबैल. नीट बघ. केसभर.

टिल्ल्या : केसभर राहिला म्हणजे राहिलाच! ब्रेक केसभरच कमी लागला, असं सांगून कोणी मला पैसे देतं का गॅरेजमध्ये?

ताई : ओरडू नकोस. आई पडलीये आत.

टिल्ल्या : मी ओरडत नाहीये. मी बोलतोय. मोठ्यानं बोलतोय. आता संध्याकाळचा सामना हरलो तर आपण बाहेर, कळतंय का तुला? अर्ध्या तासात टीम कळवायची, एकदा कळवली की बदलता येत नाही. तिघं माझे, तिघं तुझे. चटका, लोळ, कडाका मी आणतो. फुंकर, दगडोबा, चिखल्या तू आणतेस. मी मारतो, तू सांभाळतेस. इतकं साधं आहे. दोन वर्षं चाललंय ना नीट?

ताई : चिखल्याला काढ. मी करवत आणणार.

टिल्ल्या : करवत? आपल्याकडे कुठली करवत?

ताई : आपल्याकडे नाही. माझ्याकडे आहे. हा बघ.

टिल्ल्या : अगं… हा तर पूर्ण वाढलेला भुंगा आहे. शिंगाला दाते फुटलेत. हा वाढवायला लोकांना वर्ष जातं. कोणी दिला तुला?

ताई : कोण देणार? मी वाढवला. जेवणाच्या सुट्टीत, वॉर्डाच्या मागच्या खोलीत बसून. बाकीच्या सिस्टर आडव्या व्हायच्या, मी याला वाढवायचे.

टिल्ल्या : आणि मला बोलली नाहीस?

ताई : तू विचारलंस कधी? तुझा चटका कुठपर्यंत आला, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक.

टिल्ल्या : बरं, भारी आहे. मान्य. खरंच भारी आहे. पण आज नाही. अगं, टीमला तोल लागतो! तीन मारणारे माझे, चौथी तुझी करवत, मग आपल्याला सांभाळणार कोण? नुसती इंजिनं बसवून गाडी चालते का?

ताई : तेच तर म्हणतेय. तुझ्या गाडीत तीन इंजिनं. ब्रेक, आरसे, पंक्चर काढायचं सामान, सगळं माझ्याकडून. एक इंजिन काढ.

टिल्ल्या : म्हणजे?

ताई : बरं, चिखल्या राहू दे, तुझा लोळ बाहेर बसू दे, त्याच्या जागी करवत. आणि फुंकर तू घे. मारणारे तीनच राहतात, तोल तसाच राहतो. फक्त फुंकर तू घालायची आणि मी मारायचं.

टिल्ल्या : काहीतरीच काय! मला फुंकर चालवता येत नाही.

ताई : का? सोपं असतं ना ते?

टिल्ल्या : मी असं कधी म्हटलं?

ताई : गेल्या आठवड्यात. कानाला हेडफोन लावून मित्रांशी बोलत होतास. हेडफोन लावलेल्या माणसाला वाटतं, जग बहिरं झालं. "ताईचं काय, तिचं काम सोपं आहे. नुसतं बटण दाबायचं. आमची आईपण करेल." मी तेव्हा तुझ्याच मागे कपड्यांच्या घड्या घालत होते.

टिल्ल्या : मस्करी होती गं ती.

आई : (आतल्या खोलीतून) मी काय करेन म्हणालास, बाळ?

टिल्ल्या : काही नाही आई! पडून राहा तू!

आई : ताई, डोळ्यात थेंब घालायचे राहिलेत गं. आणि पडदा ओढ जरा, उजेड टोचतोय.

ताई : आले.

टिल्ल्या : आत्ता? इकडे टीम कळवायची वेळ होत आलीये!

ताई : मग तू जा.

टिल्ल्या : तूच जा, तुला माहीत असतं सगळं. लवकर ये पण.

आई : तुमचं भांडण त्या पाखरावरून चाललंय का?

ताई : वर बघ. डोळा मिटू नकोस. हं. नाही गं, भांडण कसलं.

आई : मला एका डोळ्यानं कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. लहानपणीसुद्धा हा बॅट घेऊन उभा, आणि चेंडू शेजारच्या गच्चीवरून आणायला तू. रडत यायचीस, पण चेंडू घेऊन यायचीस.

ताई : पुसू नकोस. मिटून पड थोडा वेळ.

टिल्ल्या : ताई! झालं का?

ताई : झालं. हं, बोल. फुंकर घेतोस की नाही?

टिल्ल्या : अगं, आज प्रयोग करायचा दिवस आहे का? पुढच्या सामन्याला बघू. शपथ.

ताई : पुढचा सामना नाहीये, टिल्ल्या.

टिल्ल्या : म्हणजे?

ताई : पुढच्या महिन्यापासून मला कायमची रात्रपाळी लागलीये. सकाळचे सामने झोपेत जाणार, संध्याकाळचे कामावर. आज जिंकलो तर रविवारी शेवटचा सामना, आणि आज हरलो तर आजचाच शेवटचा. कसंही धर, माझं खेळणं संपलं. त्यानंतर तू दुसरी जोडी शोध.

टिल्ल्या : कधी कळलं तुला?

ताई : परवा.

टिल्ल्या : आणि सांगितलं नाहीस?

ताई : आता सांगतेय. दिवसभर मी लोकांना सलाईन लावते, कूस बदलून देते, पट्ट्या बांधते. घरी येऊन आईचे थेंब. आणि उरलेल्या वेळात हातात खेळ घेऊन बसायचं, तर तिथेही तुझ्या चटक्याला पट्ट्या! दोन वर्षांत एकदा, फक्त एकदा, सकाळी त्या बैलाला एक ठेवून दिली. काय बरं वाटलं रे मला. हरलो तरी बरं वाटलं. आणि त्याचाच मला राग येतोय.

टिल्ल्या : सरक जरा.

ताई : कशाला?

टिल्ल्या : दे इकडे ती फुंकर. सरावाचा एक डाव टाकू. पण नाही जमलं तर मला बोलायचं नाही.

ताई : बस असा, शेजारी. संगणकाविरुद्ध टाकलाय. आता लक्षात ठेव, एकदा फुंकर घातली की पाखरू दमतं. पुढची एक पाळी त्याला काही करता येत नाही. म्हणून उगाच उधळायची नाही.

टिल्ल्या : माहितीये गं. ही घातली!

ताई : अरे, आत्ता कशाला? नुसतं खरचटलं होतं मला! आता बघ, आता खरा मार येतोय, आणि तुझं पाखरू बसलंय दम खात. गेली करवत.

टिल्ल्या : परत लाव.

ताई : लावलं.

टिल्ल्या : आता नाही घालत. थांबतो. थांबतो… अरेच्चा!

ताई : इतकं पण थांबायचं नसतं. मेल्यावर फुंकर घालून काय उपयोग?

टिल्ल्या : परत!

ताई : हे बघ, आता ठीक चाललंय. हळू. आता— घाल ना! कुठे बघतोयस?

टिल्ल्या : पाखराला कोणी मारत नाही ना ते बघत होतो! मरू दे, मला नाही जमत हे. डोकं फिरलंय माझं. हे सोपं आहे म्हणणाऱ्याला आणून बसवा इथे.

ताई : बसवलाय की.

टिल्ल्या : हसू नकोस. खरंच सांग, तुला कसं कळतं कधी घालायची ते? मी दोन वर्षं तुझ्याबरोबर खेळतोय, एकदासुद्धा तुझी वेळ चुकली नाही. सकाळचं सोडून.

ताई : पहिल्यांदा विचारलंस.

टिल्ल्या : आता विचारलं ना. सांग.

ताई : मी पाखराकडे बघतच नाही. चटक्याकडेही फार नाही. तुझ्याकडे बघते. मोठा मार येणार असला की तू खुर्चीत मागे सरकतोस. आणि आता आपण गेलो असं तुला वाटलं, की श्वास धरतोस. तू श्वास धरलास की मी फुंकर घालते. बाकी काही नाही.

टिल्ल्या : हे तू दोन वर्षं करतेयस?

ताई : मग काय, बटण दाबत होते?

टिल्ल्या : पण तुझं मला कसं कळणार? तू तर ढिम्म बसतेस.

ताई : बघितलंस कधी?

टिल्ल्या : वेळ झाली. टीम कळवायची. लोळ… जाऊ दे, लोळ बाहेर. करवत आत. फुंकर माझ्या नावावर. दाबतोय हं. दाबू?

ताई : बघ, मागे फिरता येणार नाही.

टिल्ल्या : दाबलं. आपण हरलो तर मी कोणाला तोंड दाखवणार नाही.

ताई : तुझ्या तोंडाची एवढी काळजी करू नकोस, कोणी बघत नाही. चल, आले समोरचे. आई, अर्धा तास हाक मारू नकोस गं!

आई : नाही मारत. फोडून काढा त्यांना.

टिल्ल्या : आई!

आई : काय आई? मी खेळायचंसुद्धा नाही आणि बोलायचं पण नाही?

ताई : सुरू झालं. यांच्याकडेही पाणबैल आहे. दगडोबाला पुढे करते, पहिला मार तो खाईल. तू कडाक्यानं त्यांचा वेग कमी कर.

टिल्ल्या : केला. चटक्याची एक ठेवली. बरी बसली. दगडोबा गेला.

ताई : जाऊ दे, त्याचं काम झालं. चिडू नकोस. करवत उतरवतेय.

टिल्ल्या : चिखल्या गेला, कडाका पण गेला. ताई, पाणबैल तुझ्याकडे वळला. घालू?

ताई : तुझं तू ठरव. मला विचारू नकोस, मी मारतेय.

टिल्ल्या : नाही, अजून नाही. तू अजून सरळ बसलीयेस. चटका गेला माझा. पाखरू आणि करवत, दोघंच उरलो. त्यांचा तो बैल आणि मागे एक साप… ताई, तू अंगठा मुडपलास. पायाचा अंगठा.

ताई : काय?

टिल्ल्या : घातली! पुढे बघ, घातलीये फुंकर!

ताई : वाचली. टिल्ल्या, वाचली करवत! मारते. घे! साप गेला! बैल उरला फक्त. पण तो पाखरावर वळला रे, तुझ्यावर. मी मध्ये येऊ?

टिल्ल्या : नाही. येऊ नकोस.

ताई : मरेल तुझं पाखरू.

टिल्ल्या : मरू दे. तू मार. ताई, माझ्याकडे बघू नकोस, मार!

ताई : मारलं.

टिल्ल्या : किती उरला?

ताई : नाही उरला.

टिल्ल्या : केसभर पण नाही?

ताई : केसभर पण नाही. बैल पडला. अरे, पडला! आई, जिंकलो!

आई : मग मी आता हाक मारू का?

टिल्ल्या : परत दाखव. तो शेवटचा घाव परत दाखव, हळू करून. शिंग कसं फिरलं बघ! रविवारी पण असंच. फुंकर माझ्याकडेच राहू दे.

ताई : रविवारी चुकवशील.

टिल्ल्या : चुकवीन कदाचित. आजही तीनदा चुकवलीच की. पण तू अंगठा मुडपतेस हे मला आत्ता कळलं, तू तीस वर्षांची झाल्यावर. किती मुडपतेस गं! आतल्या आत नुसती गच्च झालेली असतेस.

ताई : पुरे आता.

आई : ताई, ये गं. दुसरे थेंब, ते पिवळ्या झाकणाचे.

ताई : आले, आई.

टिल्ल्या : बस तू. घाव बघ तुझा. मी घालतो.

ताई : जमेल?

टिल्ल्या : न जमायला काय झालं. पिवळं झाकण… हं, सापडली. ताई?

ताई : काय?

टिल्ल्या : ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं होतं?

ताई : डाव्या. हात धुऊन जा. आणि बाटलीकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ.