कठड्यावरचा एक पाय

“काल चाळीस हजार माणसं मी एका हातानं थांबवली!”

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेले पोस्टमास्तर दुखरी दाढ विसरून वळले. शेजारच्या बाकावर फुटबॉलच्या मैदानावरचा रखवालदार बसला होता आणि त्याची थोरली बहीण त्याच्या सदऱ्याचं बटण शिवत होती.

“हलू नकोस, सुई टोचेल. चाळीस हजार?”

“बरं, आमच्या गॅलरीतली दोन-तीनशे. पण ताई, मागच्या सामन्याला ती माणसं मैदानात घुसली, तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं. पुन्हा एक जण जरी उतरला, तर तू कायमचा घरी.”

“मग?”

“शेवटची शिट्टी झाली, आपण जिंकलो, आणि त्यांचा म्होरक्या कठड्यावर एक पाय टाकून ओरडला, ‘चला रे आत!’ मी कॅमेरावाल्याला हात केला. मोठ्या पडद्यावर हा एवढा म्होरक्या!”

“घाबरला?”

“कसला घाबरतोय? पाय खाली घेतला आणि भांग पाडला. मागचे सगळे पडद्याकडे बघून हात हलवायला लागले. जागा सोडायला कोणी तयार होईना!”

“आणि साहेब?”

“सगळ्यांदेखत पाठ थोपटली! पुढच्या सामन्याला ती अख्खी बाजू माझ्या ताब्यात.”

“शाब्बास रे माझ्या वाघा!” म्हणत ताईनं दातानं दोरा तोडला आणि कळवळून गाल धरला. पोस्टमास्तरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

“ताई, तू सामना टीव्हीवर पाहिलास ना?”

“पाहिला तर!”

“मग तेवढा आपला गोल कसा झाला ते सांग ना. माझी पाठ होती मैदानाकडे.”