पिकअपला वजन हवं

सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा जीव टांगणीला लागला, ऐका. आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी पिकअपच्या मागच्या स्प्रिंगांत जादा लोखंडी पाटे घालून गाडी उंच करून घेतली होती, कारण वाडीच्या वाटेवर कातळातल्या एका दगडाला गाडीचं पोट घासायचं. आणि पहिलीच फेरी आमच्या तान्ह्या मुलाला, बाबूला, लशीचा डोस द्यायला!

पाटे कडक, गाडी रिकामी. प्रत्येक खड्ड्याला बाबू माझ्या मांडीवरून वर.

"अवो, थांबवा! माझो झील उडता!"

"मागे वजन नाय म्हणान गो," हे म्हणाले.

तेवढ्यात शेजारची सुलूकाकी दिसली. म्हटलं, "काकी, चल गो दवाखान्यात."

"इंजेक्शन तुझ्या झिलाक, मिया कित्याक?"

"वजनाक!"

काकी हसत मागे चढली. तिने जावेला हाक मारली, जावेने नणंदेला. हौदा भरला, गाडी दबली आणि बाबू चक्क झोपला. मी देवाचं नाव घेतेय तोच खर्रर्र! गाडीचं पोट त्याच दगडावर टेकलं.

"ह्योच दगड चुकवूक पाटे घातले मिया!" ह्यांनी कपाळाला हात लावला.

सगळ्या खाली उतरल्या. गाडी टुणकन वर आली, दगड पार झाला. सगळ्या परत चढल्या. हसून हसून काकीचा अंबाडा सुटला, पण बाबू सुई टोचल्यावरच जागा झाला.

पुढच्या महिन्यात दुसरा डोस आहे. वाडीत सगळ्यांना सांगा, जाड बायकांना आधी. फक्त दगडाकडे उतरायची तयारी ठेवून या म्हणावं.