चौक काढतात

— नाही, तारे नकोत मला. पाचपैकी किती तारे, हा काय प्रश्न झाला? चौतीस वर्षं मुलांना गुण दिलेत मी, तारे कुणाला दिले नाहीत. आधी प्रवेशद्वारावरचा तो फलक दुरुस्त करून घे — 'विख्यात वारली चित्रकार लडक्या यांनी लिहिलेली चित्रे'. चित्र लिहीत नाहीत, मुली, चित्र काढतात. — त्यांचेच शब्द आहेत? असतील. हट्टीच होता तो. — हो, एकेरीच म्हणणार. रानशेतच्या शाळेत चौथीला माझ्यासमोर बसलेला आहे तो, खिडकीकडच्या रांगेत. निलम ना तू? छातीवरच्या पट्टीवर नाव वाचलं. 'नी' दीर्घ असतो. असो.

चिकूच्या वाडीत पडदे टांगायचे, जमिनीवर प्रकाशाची माणसं नाचवायची, आणि पाहुण्यांना सांगायचं, चित्रात शिरा. शिरले. दिवेलागणीपासून दोन फेऱ्या झाल्या माझ्या. लोक त्या नाचणाऱ्या माणसांवर चपला घालून उभे होते, फोटो काढत होते — बघ, फोटोसुद्धा काढतातच. मग कर्ण्यातून त्याचा आवाज आला, 'शालेत एक बाई होती.' शालेत. 'ळ' त्याला कधी जमलाच नाही. मी थांबले. आणि पुढे? पुढे काही नाही, लगेच तारपा वाजायला लागला. एक बाई. 'होती', 'होत्या' नव्हे. नाव नाही, काही नाही. दुसऱ्या फेरीला मुद्दाम कर्ण्याखाली उभी राहिले, वाटलं, गर्दीत ऐकायचं राहिलं असेल. — नाही, रागावले नाही. रागवायचं काय त्यात?

काय केलं होतं त्या बाईनं, ते विचार की. 'माझी आई' असा निबंध घातला होता. त्यानं लिहिलं, 'माझी आय लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिते.' मी लाल शाईनं 'काढते' केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'लिहिते'. — तुमच्याकडे तसंच म्हणतात? ठाऊक आहे मला. तेव्हाही ठाऊक होतं — त्याची आई, बुधी, शाळेच्या पायरीशी येऊन सांगून गेली होती, 'बाय, चौकात देवी बसं, चौक लिव्हायचाच असतो.' तिच्या बोटांना पीठ तसंच होतं. मी तिला प्रमाण भाषा समजावली. बावीस वर्षांची होते मी.

मग त्याला पाटी दिली, शंभर वेळा लिही, 'चौक काढतात'. पाटी परत आली ती माणसांनी भरलेली — एवढीएवढी, दोन त्रिकोणांची, हातात हात धरून गोल फिरणारी. शब्द एकही नाही. मोजली मी, शंभरच होती. फडकं हाताशी नव्हतं, पदरानंच पुसली. — रडला? छे. नुसता पदराकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. महिन्याभरानं मी पटावरून नाव काढलं. नियमच होता तसा. आणि आता सगळा तालुका म्हणतो, लडक्यानं शाळेचं नाव काढलं. — हसू नकोस. व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत.

मघाशी त्या वळणावर सगळी माणसं माझ्या पदरावर आली, पाहिलंस तू? मी झटकला पदर. दोनदा झटकला. नाचतच होती. — गेल्या पावसाळ्यात गेला ना तो? रानशेतला जाणारी गाडी माझ्या दारावरून जाते. कधी चढले नाही.

वही कसली, अभिप्रायाची? चष्मा नाही आणला मी. तूच लिही — 'एक बाई येऊन गेली.' — गेल्या नव्हे, गेली. सांगते तसं लिही. — नाव नको. नावाचं काय काम आहे? — फलक? राहू दे तो, आहे तसा. चल, पुढच्यांना घे, मागे रांग खोळंबलीय.