पाण्याखालचं गाव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी आणि तिचे बाबा बसले होते. बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून ते डोळे मिटून होते.

"बाबा, प्रगत इतिहासाचा वर्ग घेऊ की नको, ते उद्या शाळेत सांगायचंय."

"वाचन फार असतं म्हणे. झेपेल तुला?"

"झेपेल. पण त्यात पुस्तकात नसलेला एक विषय आपला आपण शोधायचा असतो."

"मग शोध की. अडलंय कुठं?"

"मला तुमचं गाव घ्यायचंय. धरणात गेलेलं."

"तिथं आता नुसतं पाणी आहे गं."

"तुम्ही कधी बोलतच नाही त्याबद्दल. सांगणार नसाल, तर मी आपला साधाच वर्ग घेते."

बाबांनी डोकं मागे भिंतीला टेकवलं.

"डोळे मिटले ना, की सगळं लख्ख दिसतं बघ."

"काय दिसतं?"

"आधी पूल लागतो. खालचं पाणी इतकं नितळ, की मासे हवेत तरंगतायत असं वाटावं. पलीकडे शिंप्याचं दुकान. मशीन चालवताना तो गातो, अख्ख्या गल्लीला ऐकू जातं."

"म्हणजे घेऊ ना वर्ग?"

"घे. आता चढ आहे, माझा हात धर. दगड निसरडे आहेत."

"धरला."

"काका, चला आत, डॉक्टर बोलावतायत."

"जरा थांबा हो, सिस्टर. घर त्या वळणावरच आहे."