दोन विहिणी आणि एक दुभाषी

अलका: नापास? तू? अगं, शाळेत तुझी बडबड थांबावी म्हणून बाई तुला मुद्दाम पाणी आणायला पाठवायच्या!

केतकी: नापास नाही झाले गं, आई. सराव परीक्षा होती. खरी उद्या आहे. पण सर म्हणाले, उद्याही असंच केलंस तर नक्की उडशील.

अलका: पण केलंस काय?

केतकी: बूथमध्ये बसायचं, हेडफोनवर तेलुगू ऐकायचं आणि ऐकता ऐकताच मराठीत बोलायचं. परिषदेत करतात ना, तसं. वक्ता भडकला होता. म्हणाला, ही योजना म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे.

अलका: मग?

केतकी: मी म्हटलं, "या योजनेचा पुनर्विचार व्हावा, अशी नम्र विनंती."

अलका: अगं बाई! नम्र विनंती कुठून आणलीस?

केतकी: आपोआप आली. सर म्हणाले, तू दुभाषी नाहीस, लग्नं जमवणारी मावशी आहेस.

अलका: गुणी आहेत हो तुझे सर. पण ही सवय लागली कुठं?

केतकी: इथंच, या घरात. तुम्हा दोघींमुळं.

अलका: आता आम्ही काय केलं? तुझ्या सासूबाई बिचाऱ्या तिथं कैऱ्या पुसतायत, मी इथं लसूण सोलतेय.

केतकी: तू पुण्याहून आलीस की तू मराठीत बोलणार, त्या तेलुगूत. मधे मी. मला तेलुगू यायला लागलं तेव्हापासून हेच चाललंय. कुणी जरा तोडून बोललं की मी...

अलका: साखर पेरलीस.

केतकी: थोडी.

अलका: मग आज न पेरता कर. नियम काय असतो तुमच्यात?

केतकी: बोलणाऱ्याचं "मी" तेच माझं "मी". "त्या म्हणतात" असं म्हणायचं नाही. वाढवायचं नाही, गाळायचं नाही.

अलका: छान. बोलाव त्यांना.

केतकी: नक्को, आई! भलतंच काहीतरी होऊन बसेल.

अलका: उद्या उडायचंय का?

(केतकी दोघींच्या मधे येऊन बसते. सासूबाई, म्हणजे भाग्यलक्ष्मीबाई, तेलुगूत बोलतात, अलकाबाई मराठीत, आणि इकडचं तिकडे करणारी एकटी केतकी. सासूबाईंचं बोलणं आपल्याला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.)

अलका: विहीणबाई, दिवाळीत मी अनारसे पाठवले होते, त्यांचं खरं काय झालं?

केतकी (सासूबाईंचं): मी ते शेजारच्या पद्मावतीला दिले. तिचे दात चांगले आहेत.

अलका: काय? आणि तू फोनवर म्हणालीस, डबा चाटूनपुसून संपवला!

केतकी: आई, माझ्याशी नाही बोलायचं. मी इथं नाहीच आहे.

अलका: बरं. तर विहीणबाई, तुमचं ते गोंगुऱ्याचं, म्हणजे आपल्या अंबाडीचं, लोणचं आमच्या घरी नुसतं फळीवर बसून असतं. ह्यांनी एकदा बोटभर चाटलं आणि ऐन डिसेंबरात पंखा लावला.

केतकी (सासूबाईंचं): मला वाटलंच. पुण्याच्या माणसांना आमटीतसुद्धा गूळ लागतो. मग दर वेळी आणखी एक बरणी कशाला मागता?

अलका: मी? मी कधी मागितली?

केतकी: ते... मीच सांगितलं होतं. तुझ्या नावानं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

अलका: केतकी!

केतकी: सॉरी, सॉरी. पुढं बोल.

अलका: हसतायत बघ त्या. बरं विहीणबाई, आता माझी मुलगी कशी आहे ते सांगा. खरं खरं.

केतकी (सासूबाईंचं): मनानं चांगली आहे. ओट्यावर पसारा करते. कुकर लावला की विसरते. आणि कानात ते यंत्र घालून भिंतीकडं तोंड करून एकटीच बोलत बसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. बेगम बाजारातून लिंबं आणून दृष्ट काढली. ही झोपली होती तेव्हा.

केतकी: अय्यो! खरंच? मला कुणी...

अलका: तू इथं नाहीयेस ना?

केतकी: हो. नाहीये.

अलका: मग विचार त्यांना, उद्या पास होईल का ही?

(केतकी तेलुगूत विचारते. सासूबाई बराच वेळ बोलतात.)

अलका: काय म्हणाल्या? केवढं तरी बोलल्या की. केतकी?

केतकी: आई, त्या म्हणतात...

अलका: "त्या म्हणतात" नाही.

केतकी (सासूबाईंचं): मी रोज सकाळी देवापुढं दिवा लावते आणि म्हणते, ही नापास होऊ दे.

अलका: अगं बाई...

केतकी (सासूबाईंचं): पास झाली की हिला दिल्लीची कामं मिळणार, पुढं परदेशातली. मुलगा सकाळी ऑफिसला जातो तो रात्री येतो आणि आला की फोनमध्ये डोकं घालतो. दिवसभर माझ्याशी बोलणारी ही एकटी. आली तेव्हा हिला पाणी मागता येत नव्हतं. मी शिकवलं. आणि मी शिकवलं तेच घेऊन ही निघाली. हे बोलायची मला लाज वाटते. म्हणून हिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

अलका: नीट बोलतेयस. थांबू नकोस.

केतकी: संपलं त्यांचं.

अलका: मग आता माझं सांग, जसंच्या तसं. विहीणबाई, हिचं लग्न ठरलं तेव्हा मीही हेच मागितलं होतं. मोडू दे म्हटलं. तुमच्या मुलात काही खोट होती म्हणून नाही. ही एवढ्या लांब जाणार म्हणून. देवानं ऐकलं नाही. नाही ऐकलं तेच बरं झालं.

केतकी: आई, हे तू मला कधी...

अलका: आधी त्यांना सांग. माझ्याकडं बघू नकोस, त्यांच्याकडं बघून बोल.

(केतकी सासूबाईंकडं वळून तेलुगूत सांगते. त्या उत्तर देतात.)

अलका: सांगितलंस सगळं? साखर न पेरता? मग डोळे कशाला पुसतायत त्या? काय म्हणाल्या?

केतकी (सासूबाईंचं): ही पास होऊ दे, असं मला अजूनही म्हणवणार नाही. खोटं कशाला बोलू? पण उद्या मी काही मागणार नाही. नुसता दिवा लावीन.